अनुदान मिळतं, पण कधी?

‘सरकार अनुदान देतं, मग पाळणाघरवाल्या संस्थांचं रडगाणं कशाला?’ असं एका चर्चेत कोणीतरी विचारलंय, म्हणून थोडी भर. एका महिला मंडळाच्या पाळणाघराचे हिशेब मी काही वर्षं लिहीत होते.

2017 पासून राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्र 60, राज्य 30 आणि चालवणारी संस्था 10 टक्के, अशी खर्चाची वाटणी झाली. आधी 90 टक्के केंद्राचेच असत. आमचा वाटा तेवढाच राहिला, पण पैसा दोन तिजोऱ्यांतून यायचा आणि एकीकडे अडकला की अडकलाच. 25 मुलं, महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. मुलं सांभाळणाऱ्या ताईंचं मानधन 3000, मदतनीस बाईंचं 1500 (हो, महिन्याचं!), तेही थकलेलं. खिचडी मात्र रोज शिजायलाच हवी, म्हणून वाण्याकडे उधारी. फी वाढवावी तर दारिद्र्यरेषेखालच्या घरांकडून महिना 20 रुपयेच घ्यायचे, असा नियम.

त्यात उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामीच खर्च झाल्याच्या दाखल्याशिवाय, पुढचा हप्ता नाही. मागचाच आला नसेल तर उपयोग कशाचा दाखवायचा? एकदा तर शिक्का पुसट आहे म्हणून फाईल परत आली.

2022 मध्ये योजना ‘पाळणा’ नावाने मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या मोठ्या योजनेत गेली. आता भर अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरांवर आहे, ते चांगलंच. आमच्या मंडळाने तोवर कुलूप लावलं होतं. आमच्या ताई आता धुणीभांडी करतात. तिथे पैसे निदान महिन्याच्या महिन्याला मिळतात, म्हणाल्या.