मदत हवी आहे : रामनदीच्या पाण्याची तपासणी कुठे करून घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सोमेश्वरवाडीजवळ राहतो. खाटपेवाडीकडून येणारी आमची रामनदी भूगाव, बावधन, पाषाण तलाव, बाणेर असं करत मुळेला मिळते. इतकी छोटी नदी, पण वाटेत मैलापाणी किती ठिकाणी मिसळतं याला गणतीच नाही. पाषाण तलावात जलपर्णी फोफावते ती उगाच नाही.

आमच्या घराजवळ नदीकाठचं ड्रेनेजचं एक चेंबर महिनाभर तुंबलंय. झाकणाच्या कडेने काळं पाणी झिरपतं आणि दगडांवरून थेट पात्रात उतरतं. सकाळी सहा-सातला, घरोघरी नळ सुरू असताना, धार मनगटाएवढी होते. तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा ‘काम पूर्ण’ असा मेसेज येऊन तक्रार बंद झाली! फार जीव तुटतो हो. माझ्या आईने याच नदीत कपडे धुतलेत.

आता पाण्याचा अहवाल हातात घेऊनच जायचं ठरवलंय. आंघोळीयोग्य पाण्यात बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, एवढं वाचलंय. खासगी माणसाकडून नमुना घेणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा पुण्यात कुठे आहे? अंदाजे खर्च किती येतो? नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो म्हणे, मग बाटली त्यांच्याकडूनच मिळते का? आणि चेंबरच्या वर नि खाली असे दोन नमुने पुरतील का?

माहिती अधिकारात किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असा अर्ज कुणी केला असेल, तर त्याचा मसुदा कृपया पाठवा.