एस्सेलवर्ल्ड इमॅजिकामुळे बंद पडलं नाही

इमॅजिका हे नवं मनोरंजन उद्यान आलं आणि मुंबईचं जुनं उद्यान एस्सेलवर्ल्ड संपलं, असं अनेकजण म्हणतात; ते मला पटत नाही. खोपोलीचं इमॅजिका २०१३ चं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासूनचं, आणि ते बंद झालं २०२२ मध्ये. मधल्या कोविडच्या टाळेबंदीला विसरून कसं चालेल? शिवाय एस्सेलवर्ल्डच्या शेजारचं, १९९८ चं वॉटर किंगडम हे वॉटर पार्क चालूच राहिलं. म्हणजे खाडी ओलांडून जायची लोकांची तयारी आहे!

मार्वे नाहीतर गोराईच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की आम्हा उपनगरातल्या पोरांची सहल तिथेच सुरू व्हायची. पुढे हूला लूप, मॉन्स्टर्स इन द मिस्ट यांसारख्या राइड्स, बर्फावरचं स्केटिंग. सुरुवातीच्या वर्षांतले फोटो कुणाकडे असतील तर कृपया इथे टाका, ते जपायलाच हवेत.