ई-पीक पाहणीवर अभ्यास करतेय, माझा प्रश्नच चुकलाय का?

माळरान:
नमस्कार. एम.ए.च्या प्रबंधासाठी कळंब तालुक्यातल्या एका गावात फिरतेय. सरकारी कामं मोबाइलवर आल्यावर गावात काय बदललं, हा विषय. त्यातलंच एक ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सातबाऱ्यावरची नोंद मोबाइल अ‍ॅपवरून करणं. प्रश्नावलीत विचारलं होतं, "ई-पीक पाहणी तुम्ही स्वतः करता का?" जवळजवळ सगळ्या घरांतून 'हो' आलं. परवा एका आजींना म्हटलं, दाखवा ना कशी करता ते. त्यांनी कनवटीची चिठ्ठी काढली. गट नंबर, आणि खाली पुतण्याच्या मुलाचा मोबाइल नंबर. "ह्यो करतोय की. घरातलाच हाय." सातबारा आजींचा, फोन त्याचा. माझे सगळे 'हो' आता कशात धरू? परत घरोघर जाऊ, की प्रबंधात तळटीप देऊन पुढे जाऊ?

जुना तलाठी:
परत जा, पोरी. 15 ऑगस्ट 2021 पासून ही नोंद शेतकऱ्याच्या हातात आली. त्याआधी गाव नमुना 12, म्हणजे पिकांची नोंदवही, आम्ही तलाठी भरायचो. प्रत्येक बांधावर माझे पाय लागले असं मी म्हणणार नाही. चावडीत बसून विचारून लिहिलेल्या नोंदी माझ्याही हातून झाल्यात, त्याची खंत आहे. म्हणून शेतात उभं राहून फोटो काढायचा नियम मला मनापासून पटतो. पण तेव्हा नोंद चुकली तर कुणाशी भांडायचं हे माहीत असायचं. आता कुणाकडे जातात, ते विचार.

सेवाकेंद्रवाला:
ताई, मी आधी ग्रामपंचायतीतल्या संग्राम केंद्राचा ऑपरेटर, आता सेवा केंद्र चालवतो. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, तशी सोयच आहे. खरिपात पोरं दुचाकी काढतात, गटात जाऊन फोटो घेतात, रेंज नसली तर माहिती भरून ठेवतात आणि गावात आल्यावर अपलोड करतात. भावकीत कुणी पैसे घेत नाही, बाहेरच्याकडून घेतात. 'स्वतः करता का' हे सोडा. फोन कुणाचा, शेतात कोण गेलं, काय दिलं, आणि नोंद झाल्यावर सातबारा उघडून बघितला कुणी, एवढं विचारा.

शेवटचं तर विचाराच. मागं आमच्या एका मावशींची सोयाबीनमधली तूर नोंदवायचीच राहिली. हमीभावाच्या खरेदीसाठी तूर घालायची वेळ आली तेव्हा कळलं. पोरगं लबाड नव्हतं. रोपं लहान होती, त्याला दिसली नाहीत. मावशी सोबत असत्या तर किती ओळींनंतर तुरीचं तास आहे, हे त्यांनी बोटावर सांगितलं असतं. पेरलं त्यांनीच होतं. आणि असं एखादं पोरगं पुण्याला कंपनीत लागलं की त्याच्या भरवशावरची सगळी घरं अडतात.

माळरान:
काका, दादा, मनापासून आभार. तुमचं वाचल्यावर माझी खरी चूक सापडली. घरं निवडताना मी खातेदारांची यादी घेतली होती. त्या मुलाच्या नावावर जमीनच नाही, म्हणजे सगळ्यांची नोंद करणारा तोच माझ्या अभ्यासाबाहेर राहिला. आज त्याला भेटले. शनिवारी तो आजींच्या रानात जाणार आहे. आजी म्हणाल्या, "मी बी येते. तूर मी दावते त्याला." मीही जातेय, प्रश्नावली न घेता.