सुट्टीतली कमाई: निम्मी बाजूला टाकायची की नाही?

मुंगीचं_बीळ (धागाकर्ती):
परीक्षा संपली, सोमवारपासून सुट्टीतलं काम सुरू. दहा आठवडे. यंदा ठरवलंय, पैसे हातात आले की त्याच दिवशी निम्मे दुसऱ्या खात्यात टाकायचे. त्या खात्याचं कार्डच घेतलेलं नाही. गेल्या वर्षी 'उरेल ते साठवू' म्हटलं होतं, उरलं काहीच नाही. बरं, रोजचा खर्च वहीत लिहीत होते! शेवटी बेरीज केली तर प्रवास, पुस्तकं, मोबाइल या सगळ्यांपेक्षा मोठा रकाना निघाला 'इतर'. मैत्रीण म्हणते, या वयात बचत म्हणजे नुसती हौसेला कात्री. तुमचं मत?

रिकामा_खिसा:
मैत्रिणीला माझं +१. फ्रँको मोदिग्लियानी (१९८५चं अर्थशास्त्राचं नोबेल) आणि रिचर्ड ब्रुमबर्ग यांनी १९५४ साली मांडलंय की माणसाने आयुष्यभराची कमाई डोळ्यांसमोर ठेवून खर्च करावा. भर कमाईच्या वर्षांत साठवावं, म्हातारपणी ते वापरावं. विशीत कमाई सगळ्यात कमी, तेव्हाच पोटाला चिमटा कशाला? त्या पैशांत एखादं कौशल्य शिक.

जुना_विद्यार्थी:
असहमत. त्यात गृहीत धरलंय की अडीनडीला परवडेल अशा दराने उधार मिळतं. विद्यार्थ्याला काय मिळतं? फार तर क्रेडिट कार्ड. दरमहा ३ टक्के व्याज धर. ७२ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते साधारण कळतं. ७२ला ३ने भाग, २४ महिने. म्हणजे काहीच फेडलं नाही तर दोन वर्षांत देणं साधारण दुप्पट. हाच हिशेब बचतीला लाव: वर्षाला ६ टक्के मिळाले तर दुप्पट व्हायला १२ वर्षं! म्हणून माझ्या लेखी सुट्टीतली बचत ही गुंतवणूक नव्हेच. प्रकल्प जमा करायच्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपचा चार्जर जळाला. नवा घ्यायला कुणापुढे हात पसरावा लागला नाही, एवढ्यासाठीच ती.

रिकामा_खिसा:
दादा, चार्जरपुरतं मान्य. पण निम्मे? मी एका सुट्टीत असाच कंजूषपणा केला आणि उसवलेले बूट घालून मुलाखतीला गेलो. समोरचे पायांकडे बघत होते की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे. पाय खुर्चीखाली लपवायच्या नादात सोप्या प्रश्नाला ततपप झालं.

थोडं_थोडं:
निम्मे मलाही जास्त वाटतात. जोर ओसरला की सगळंच सुटतं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांचा २००४चा अभ्यास आहे. आत्ताच्या पगाराला हात न लावता पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही भाग बचतीत वळवायचा, असं कामगारांकडून आधीच कबूल करून घेतलं. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. तूही कमी भागापासून सुरुवात कर, मग वाढव.

मुंगीचं_बीळ:
अहो, दहा आठवड्यांत पगारवाढ कुठली! शिवाय सुट्टीत मी घरी असते, भाडं नाही, खानावळ नाही. आत्ताच निम्मे निघाले नाहीत तर कधी निघणार? एक लिहायचं राहिलं: सत्र सुरू झालं की काम बंद. या दहा आठवड्यांच्या पैशांवर पुढचे ४२ आठवडे वरखर्च काढायचाय. त्यामुळे @रिकामा_खिसा, तुझे मोदिग्लियानी माझ्याच बाजूचे झाले की. ते आयुष्यभराचा हिशेब मांडतात, मी वर्षाचा.

रिकामा_खिसा:
हे आधी सांगायचंस ना! मग निम्मे कमीच पडतील बहुतेक. फक्त बुटांपुरते वगळ. आणि ते 'इतर'मध्ये नक्की काय होतं?

मुंगीचं_बीळ:
ते नाही सांगणार. आई हा धागा वाचते.