तात्या टोप्यांच्या फौजेतले खापरपणजोबा: शोध पुण्यातूनच सुरू करा

तुमचे खापरपणजोबा १८५७ला तात्या टोप्यांबरोबर होते, पण घरात कागद एकही नाही, असं तुम्ही लिहिलंय. थेट ग्वाल्हेर-झाशीला जाऊ नका. आधी पुण्यातलं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईच्या जुन्या कागदांचा सरकारी संग्रह, बघा. दुसरे बाजीराव १८१८नंतर ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेले, त्यांच्यामागे इथली कितीतरी घरं गेली. मागे राहिलेल्या भाऊबंदांच्या इनामांची चौकशी १८५२च्या कायद्याने झाली. त्या चौकशीत इनामदारांनी दिलेल्या कैफियतींत, म्हणजे लेखी जबान्यांत, वंशावळ असते, कोण परागंदा झालं तेही कधीकधी सापडतं.

आमच्या घराण्याचं असंच झालं. मोडीतल्या वंशावळीत चार भावांपैकी तिसऱ्याच्या नावापुढे फक्त 'ब्रह्मावर्ती' एवढंच होतं. शाई फिकटली होती, कागदाला कसरीची भोकं. मी कितीतरी वेळ त्या एका शब्दावर बोट ठेवून बसलो होतो.

मोडी येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, जाणकार भेटतात. जुन्या सनदांवर शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दफ्तरातली कालगणना, असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, की इसवी सन येतो. आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची वही विसरू नका, श्राद्धाला आलेल्याने स्वतःच्या हाताने नावं लिहिलेली असतात. तात्यांना १८ एप्रिल १८५९ला शिवपुरीत फाशी दिल्यावर पुष्कळांनी आडनावं लपवली, म्हणून आडनावापेक्षा गाव आणि गोत्र धरून शोधा. मूळ गाव कुठलं तुमचं?