मदत हवी आहे: भाचा रोज तेच चित्र काढतो, आर्ट थेरपी कुठे मिळेल?

गोवळकोटची
भाचा रोज एकच चित्र काढतोय. कौलारू घर आणि त्यावर चॉकलेटी रंग, पान भरेपर्यंत. शाळेतल्या बाई म्हणाल्या आर्ट थेरपी करा. चिपळूणमध्ये किंवा ऑनलाइन कोण करतं? आणि घरी काय काढायला दिलं म्हणजे हे चित्र बंद होईल? पंधरा तारखेला शाळा आहे, लवकर सांगा. गूगल करून झालंय, लिंका नकोत.

रंगीत_तालीम
मंडला, ती गोल नक्षी!! प्रिंट काढून रोज एक रंगवायला द्या. माझी मुलगी इतकी शांत झाली की विचारू नका. चॉकलेटी खडू पेटीतून काढूनच टाका.

ड्रॉइंगमास्तर
34 वर्षं चित्रकला शिकवली. रोज काढतो म्हणजे हात वळणार. पुढे एलिमेंटरीला जरूर बसवा, मग इंटरमिजिएट. मेणाचे खडू नकोत, ऑइल पेस्टल घ्या.

खडूस
मास्तर, परीक्षेचं कोणी विचारलंय का? धागाकर्ती, मुलाचं वय? झालंय काय? कधीपासून?

गोवळकोटची
चिपळूण म्हटल्यावर आणखी काय असणार? 22 जुलै 2021 चा पूर. तेव्हा सात वर्षांचा होता. पहाटेपासून पोटमाळ्यावर होते सगळे. भावजी शेजारच्या आजींना आणायला उतरले ते संध्याकाळीच परत दिसले. नंतर ताई-भावजींनी पुण्यात खोली घेतली, दोन वर्षं पोरगं एकदम छान. या मे महिन्यात घरी परत आले. परत यायचं ठरलं तेव्हापासून हे सुरू.

मनकवडा
गडद रंग म्हणजे मनात नैराश्य. एका वर्कशॉपमध्ये शिकवलं होतं. घराला खिडकी काढतो का ते बघा.

पेठमापकर
वर्कशॉपवाल्यांनी पुराचं पाणी बघितलंय का? वाशिष्ठी नदीचं पाणी त्या दिवशी चॉकलेटीच होतं, पोरगं बघितलं तेच काढतंय. निळं काढलं असतं तर मी घाबरलो असतो. बाकी कोळकेवाडी धरणाच्या पाण्याचं काय ते आधी

खडूस
कोळकेवाडीचा वेगळा धागा आहे, तिकडे भांडा.

सावली७
मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. रंगावरून निदान होत नाही, खिडकीवरूनही नाही. चित्राचा अर्थ मोठ्यांनी लावायचा नसतो, मुलाला बोलायला ते एक निमित्त असतं. तेसुद्धा त्याला वाटलं तर. चित्र बंद कसं होईल हा प्रश्न बाजूला ठेवू. झोप कशी आहे? अंथरूण ओलं करतो का? पाऊस लागला की काय करतो? आणि चित्र काढून झाल्यावर त्याचं काय होतं?

गोवळकोटची
ओलं करतो, पण ती घरातली गोष्ट आहे, चित्राशी काय संबंध? पाऊस आला की दप्तर उचलून माळ्यावर ठेवतो. चित्र ताई फाडते. रात्री गुपचूप. सारखं डोळ्यांसमोर नको म्हणून.

खडूस
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

सावली७
संबंध आहे. जिथे घडलं तिथेच परत आलाय, वर पावसाळा. अशा वेळी जुनी भीती उसळते. अंथरुणावरून ओरडू नका. दप्तर माळ्यावर ठेवू द्या, उलट पाणी आलं तर कोण कुठे जाणार हे घरातल्यांनी त्याच्याबरोबर बसून ठरवा. फाडणं आजपासून बंद. एक फाइल आणा, मागे तारीख त्यालाच घालू दे. ‘हे काय?’ असं खोदून विचारू नका, ‘सांगायचंय का?’ एवढंच. हे महिन्याच्या वर चाललंय, तेव्हा फक्त चित्रांवर राहू नका. मुलांबरोबर काम करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारून घ्या. दोन दिवसांचा कोर्स केलेले ‘थेरपिस्ट’ खूप झालेत. तोवर 14416 वर टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात.

रंगीत_तालीम
कोर्सवाल्यांना सरसकट नावं ठेवू नका. मीही केलाय.

जुना_वाचक
फाडण्यावरून आठवलं. नाझींनी यहुद्यांना डांबलेल्या तेरेझिनच्या छळछावणीत फ्रिडल डिकर-ब्रँडाइस मुलांना चित्रं काढायला शिकवत. प्रत्येक कागदावर मुलाने स्वतःचं नाव घालायचं, असा आग्रह. ऑक्टोबर 1944 मध्ये त्यांना आउश्वित्झला नेऊन मारलं, पण सुमारे 4500 चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवलेली होती. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत आर्ट थेरपी उभी करणाऱ्यांपैकी एक.

पेठमापकर
चिपळूणच्या पुरात छळछावणी कुठून आणली?

जुना_वाचक
कागद जपण्याबद्दल बोलतोय हो.

गोवळकोटची
काल ताईला वाचून दाखवलं. आधी माझ्यावरच उखडली, मग रडली. चित्र नाही फाडलं. सकाळी ते टेबलावरच दिसलं तर हा बघतच राहिला. म्हणाला, ‘अजून पुरं नाही झालं.’ आणि त्याच कागदावर बसला पुढे काढायला. इतके दिवस रोज पहिल्यापासून काढत होता की काय कोण जाणे. सावलीताई, रत्नागिरीकडचं कोणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

ड्रॉइंगमास्तर
कागद लहान पडत असेल. मोठा द्या, अर्धा इम्पिरियल आकाराचा कार्ट्रिज पेपर, आणि चॉकलेटी खडू दोन आणून ठेवा. लवकर संपतो.