लॅपलँडमधल्या आडबाजूच्या लॉजवर आई-बाबांना नेऊ का? (नॉर्दर्न लाइट्ससाठी)

मुलुंडची_मृ

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीअखेर आई-बाबांना घेऊन फिनलंडला जायचं चाललंय. बाबा रिटायर झाल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच, नॉर्दर्न लाइट्स. रोज जेवणं झाली की टीव्हीवर यूट्यूब लावून तेच बघत बसतात, आई म्हणते हिरवा बल्ब लावून फ्रीज उघडून बसा, व्हिसाचे पैसे तरी वाचतील.

तर इनारीच्या पलीकडे तळ्याकाठी एक लॉज सापडलंय, थोड्याशा लाकडी केबिन, दोन-तीन काचेचे इग्लू, जवळ गाव वगैरे काही नाही, इवालो एअरपोर्टवरून त्यांचीच गाडी न्यायला येते. फोटो बघून मी तर फिदा. पण नवरा म्हणतो एवढ्या लांब जाऊन एकाच जागी अडकून काय करायचं, त्यापेक्षा नॉर्वेत ट्रॉम्सोला राहू, तिथे रोज रात्री बसमधून ऑरोरा (म्हणजे हेच नॉर्दर्न लाइट्स) शोधत फिरवतात. बाबा ६८, शुगर आहे, इन्सुलिन घेतात. आईचे गुडघे कुरकुरतात. सगळे शुद्ध शाकाहारी. आणि मुंबईत १६ डिग्री झालं की कपाटातून मफलर काढणारी जनता आम्ही, तिकडे उणे पंचवीस म्हणतात! चार रात्री पुरतील का, काचेचा इग्लू घेण्यात अर्थ आहे का, आणि ते सोलर मॅक्सिमम (सूर्याच्या सक्रियतेचा कळस) होऊन गेलं म्हणतात म्हणजे आता उशीर झालाय का? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

खगोलवेडा_ठाणे

सूर्याची काळजी करू नका. सूर्याचं सध्याचं चक्र, म्हणजे सायकल २५, मॅक्सिममला पोचल्याचं नासा आणि नोआने (अमेरिकेची हवामान-समुद्र संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं हे खरं, पण उतरणीची वर्षंही चांगली जातात. त्या काळात कोरोनल होलमधून (सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विरळ जागा) वेगवान सोलर विंड (विद्युतभारित कणांचा झोत) येत राहतो आणि सूर्य स्वतःभोवती साधारण २७ दिवसांत फिरतो म्हणून तोच झोत परत आपल्याकडे वळतो. तुमच्या तारखांच्या २७ दिवस आधी काय झालं होतं ते बघून ठेवा, थोडा अंदाज येतो, गॅरंटी नाही. शिवाय मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय वादळं जरा जास्तच होतात, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ तुम्ही नकळत बरोबर पकडलाय.

ते केपी इंडेक्सचं (चुंबकीय हालचाल ० ते ९ मध्ये मोजणारा आकडा) ॲप टाकून लोक पाच-सहा आकडा कधी येतो म्हणून वाट बघत बसतात, ते खाली जर्मनी-इंग्लंडवाल्यांसाठी. इनारी ऑरोरल ओव्हलच्या (ध्रुवाभोवतीचा ऑरोराचा पट्टा) खालीच येतं, तिथे केपी २ लाही आकाशात बरंच काही होऊ शकतं.

खरा व्हिलन ढग. ऑरोराचा हिरवा रंग येतो ऑक्सिजनमधून, साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर, तांबडा त्याच्याही वर, आणि ढग सगळे खालच्या दहा किलोमीटरमध्ये. वर दिवाळी चालू असली तरी खाली गोधडी अंथरलेली असेल तर काय दिसणार? म्हणून चार रात्री मला कमी वाटतात, तिथे किमान पाच-सहा ठेवा आणि हेलसिंकी एका दिवसात उरका, तसंही फेब्रुवारीत तिथे काय बघणार.

थोडं अवांतर, पण बाबांना आवडेल. १८५९ च्या सप्टेंबरात जे कुप्रसिद्ध सौर वादळ आलं, कॅरिंग्टन इव्हेंट म्हणतात ते, त्याची चुंबकीय नोंद आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत झालीये. जवळजवळ १६०० नॅनोटेस्लाची (चुंबकीय क्षेत्राचं माप) घसरण, जगभरचे अभ्यासक अजून तो आकडा घेऊन वाद घालतात. आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर ऑरोरा चक्क मुंबईतून दिसल्याची नोंद आहे!! पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार, मोजमापात गडबड होणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. मे २०२४ ला लडाखमध्ये हानलेहून लाल ऑरोरा टिपला तो तर ताजाच आहे.

बोरिवली_स्लो

तुमच्या मिस्टरांच्या बाजूने मत. ढग हा व्हिलन असेल तर ढगांपासून पळता आलं पाहिजे ना, आणि आडबाजूच्या लॉजवर तुम्ही गाडीशिवाय, म्हणजे डोक्यावरचं एकच आकाश. ट्रॉम्सोला संध्याकाळी गाईड उपग्रहाचं चित्र बघून ठरवतो की आज किनाऱ्याला जायचं की आत फिनलंडच्या सीमेकडे. कधीकधी खरंच सीमा ओलांडून नेतात म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायला सांगतात. आणखी एक, समुद्राच्या उबेमुळे ट्रॉम्सोत थंडी बरीच सौम्य, शून्याच्या थोडं खाली-वर, इनारीसारखी हाडं गोठवणारी नाही. पण बसमध्ये पाच-सहा तास, मध्ये उतरून बर्फात उभं राहायचं, परत चढायचं, हॉटेलवर यायला दोन-तीन वाजतात. आईच्या गुडघ्यांना विचारून बघा.

गिरगावची_गॅलरी

गुडघे म्हणालात ना, मग लॉजच घ्या हो. वरच्यांचं सगळं पटतं पण एक गोष्ट राहिली, बसमध्ये बसून ऑरोराच्या मागे धावणारा माणूस रोज रात्री पास-नापास होतो. लॉजवर तसं नसतं. आम्ही सासूबाईंना घेऊन अशाच एका ठिकाणी राहिलो होतो (नाव नको, जाहिरात वाटेल), दुपारी गोठलेल्या तळ्यावर चालणं, रेनडिअरची गाडी, संध्याकाळी सौना (गरम वाफेची खोली), आणि रात्री आकाश उघडलं तर शेकोटीपासून दहा पावलांवर सगळं. ढगाळ रात्रीसुद्धा फुकट गेली असं वाटलं नाही, चुलीपाशी पत्ते खेळलो. बहुतेक लॉजवर ऑरोरा अलार्म असतो, केबिनमध्ये बझर किंवा फोनवर मेसेज, त्यामुळे रात्रभर जागायची गरज नाही. साधारण नऊ ते एक-दोन हा टाइम.

लॉजला मेल करून मात्र नीट विचारून घ्या की उत्तरेकडचं क्षितिज मोकळं आहे का. तळ्याच्या दक्षिण काठावर असेल तर उत्तम, समोर सगळं उघडं मिळतं. झाडीत घुसलेला लॉज फोटोत गोड दिसतो, पण ऑरोरा हलका असला तर उत्तरेला खालीच राहतो आणि झाडांमागे जातो. बर्फाचे ओव्हरऑल आणि बूट देतात का तेही विचारा, बरेच जण देतात, मग मुंबईत जाडजूड जॅकेटांवर पैसे उडवू नका, इथून मेरिनो किंवा चांगले थर्मल, लोकरीचे मोजे, फ्लीस एवढं पुरे. आतून कॉटन अजिबात नको, घाम धरून ठेवतं आणि मग गारठता. पाच बोटांच्या हातमोज्यांवरून मिटन्स (चार बोटं एकत्र राहतात ते) घाला.

काचेचा इग्लू एक रात्र हौस म्हणून घ्या, बाकी केबिन. इग्लू म्हणजे पलंग आणि छत, सामान ठेवायला जागा नाही, आई-बाबांना सकाळी आवरताना वैताग येईल. आणि भाडं केबिनच्या कितीतरी वर.

मुलुंडची_मृ

बापरे किती छान माहिती, थँक्यू सगळ्यांना! बाबांना कुलाब्याचं वाचून दाखवलं, आता ते अलिबागला जायचं म्हणतायत, पंचाईत. त्यांना मी अजून हे सांगितलेलं नाही की यूट्यूबवर दिसतं तसं दिसतंच असं नाही, खरं आहे का हे?

खगोलवेडा_ठाणे

खरं आहे, आणि आत्ताच सांगून टाका. कॅमेरा पाच-दहा सेकंद प्रकाश गोळा करतो, डोळा करत नाही, आणि अंधारात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. हलका ऑरोरा राखाडी ढगाच्या पट्ट्यासारखा दिसतो, शंका आली की फोन नाइट मोडवर धरून फोटो काढायचा, हिरवा आला तर तोच. जोरदार असेल तेव्हा मात्र उघड्या डोळ्यांना हिरवा स्वच्छ दिसतो, कडेला गुलाबी झालर, आणि तो हलतो, नुसता टांगलेला नसतो. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड हवाच, आयएसओ १६०० ते ३२००, फोकस एखाद्या ताऱ्यावर हाताने. खोलीत आणायच्या आधी बाहेरच पिशवीत बंद करा नाहीतर लेन्सला पाणी सुटतं. चंद्राचं फार मनावर घेऊ नका, पौर्णिमेला हलके ऑरोरा पुसट होतात पण बर्फावरचं जंगल सुरेख उजळतं.

दादरची_निवृत्त_सिस्टर

मृ, ऑरोराचं मला कळत नाही पण इन्सुलिनचं सांगते. इन्सुलिन गोठलं की कामातून गेलं, परत वितळलं तरी वापरायचं नाही. विमानात चेक-इन बॅगेत टाकू नकोस, हँडबॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि बाहेर पडताना बाबांच्या अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात. दोन वेगळ्या जागी दोन साठे ठेव. ग्लुकोमीटरही फार थंडीत नीट चालत नाही, खोलीत येऊन तपासायचं. पायाला बधिरपणा असेल तर रोज रात्री पाय बघायचे, बूट चावलेला त्यांना कळणार नाही.

आता अंतर बघ. इनारीपासून इवालो चाळीसेक किलोमीटर, आणि मोठं हॉस्पिटल रोव्हानिएमीला, तीनशे किलोमीटरच्या वर. लॉज तर इनारीच्याही पलीकडे. जायचं नाही असं म्हणत नाही, पण निघण्याआधी त्यांच्या फिजिशियनकडून ईसीजी वगैरे करून घे, कडाक्याच्या थंडीत हृदयावर ताण येतो. इन्शुरन्स घेताना आधीपासूनचे आजार कव्हर होतात का ते एजंटच्या तोंडी नको, कागदावर बघ. सौना बाबांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आईला बुटाखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे हवेतच, थंडीने आजारी पडण्यापेक्षा बर्फावर घसरून पडायची भीती जास्त.

कांजूर_काटकसर

एवढे युरो घालवायचे नसतील तर मुर्मान्स्क बघितलंत का? रशियाचा ई-व्हिसा आपल्याला मिळतो, पुढे तेरिबेर्काला समुद्रकाठी ऑरोरा, खर्च बराच कमी. हल्ली आपले लोक बरेच जातात.

बोरिवली_स्लो

@कांजूर_काटकसर खर्च कमी हे बरोबर, पण आपली व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं तिथे २०२२ पासून चालत नाहीत, सगळी रोकड बाळगायची. युद्ध चालू असलेल्या देशात शुगरच्या पेशंटला घेऊन, तेही फ्लाइट कधी रद्द होईल सांगता येत नाही अशा अवस्थेत? तरुण पोरं असती तर म्हटलं असतं जा.

मुलुंडची_मृ

मुर्मान्स्क नको, आई ऐकूनच नाही म्हणाली. सिस्टर, तुमचा मेसेज प्रिंट काढून फ्रीजवर लावला. लॉज पक्कं करते, पाच रात्री, त्यातली एक इग्लूत, आणि नवऱ्याला ट्रॉम्सोचं गाजर पुढच्या वर्षीसाठी. आता जेवणाचं सांगा, थेपले आणि लाडू नेऊ ना?

गिरगावची_गॅलरी

थेपले, चकली, भाकरवडी, मेतकूट बिनधास्त. पेढे, बर्फी, पनीर, तुपातले लाडू नको, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमला सापडलं तर काढून घेतील, वर दंडाची भीती. थेपल्यातही दही घालू नका, तेलातले करून न्या. लॉजला शाकाहारी म्हणून आधी कळवा पण ‘मासे पण नको, अंडं चालेल की नाही’ हे स्पष्ट लिहा, नाहीतर सामन मासा समोर येतो आणि ते बिचारे म्हणतात हे मांस कुठे आहे. मशरूम सूप, बटाटे, राईचा ब्रेड, लिंगनबेरी यावर पोट भरतं, मेतकूट-भात मात्र स्वतःचा. केबिनला किचन आहे का विचारून छोटा कुकर टाका बॅगेत.

आणि शेंगेन व्हिसाचं (फिनलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) आत्ताच बघा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी मोठ्यांना ९० युरो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. थंडीच्या सीझनला मुंबईत अपॉइंटमेंट मिळायला मारामारी असते, विमानाची नॉन-रिफंडेबल तिकिटं त्याच्या आधी काढू नका. मुंबईहून हेलसिंकीला जाताना मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागेल, तर आई-बाबांसाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून घ्या, चालता येत असलं तरी.